गुलमर्गला हिवाळ्यात कामाला जाताय? बर्फ चढायला लागला की काय करायचं

पहिल्या हिवाळ्यात मी गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गला गाडीतून उतरलो तेव्हा पायांत नाशिकहून घेतलेले ट्रेकिंगचे बूट होते आणि डोक्यात साल्हेर-हरिश्चंद्रगडाचा माज. पहिल्या दहा पावलांत दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा एका घोडेवाल्याने दंडाला धरलं आणि म्हणाला, "भाईजान, छोटे-छोटे कदम. पूरा पैर रखो." दोन हंगामांत मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला तोच.

मी एका टूर कंपनीचा तिथला माणूस होतो. महाराष्ट्रातून येणारे ग्रुप उतरवून घ्यायचे, हॉटेलात बसवायचे, गोंडोलाची (डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची) तिकिटं, गाड्या, जेवण बघायचं आणि बर्फ जोरात पडला की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. आता आपल्याकडची बरीच मुलं जातात: कुणी हॉटेलच्या किचनमध्ये, कुणी रिसेप्शनला, कुणी टूर मॅनेजर म्हणून. निघताना सगळे एकच विचारतात, "थंडी किती असते?" थंडीचं एवढं काही नाही, कपडे असले की निभतं. तीन दिवस सलग बर्फ पडतोय, रस्ता बंद आहे, लाइट नाही, हॉटेलात चाळीस माणसं अडकलीत आणि वरच्या डोंगरावर हिमस्खलनाचा इशारा आहे, अशा वेळी काय करायचं ते कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहितोय.

१. जागा समजून घ्या

गुलमर्ग म्हणजे साधारण २,६५० मीटरवरचं बशीसारखं कुरण. हॉटेलं, स्की भाड्याने देणारी दुकानं, स्लेजवाले, लष्कराचा तळ, सगळं या बशीत. खाली १३ किलोमीटरवर तंगमर्ग. वर गोंडोला: पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, म्हणजे ३,०५० मीटरच्या आसपास, आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, ३,९५० च्या आसपास. तिथे सगळे 'फेज वन' आणि 'फेज टू' म्हणतात.

बशीत उतार सौम्य आहेत, त्यामुळे हॉटेलच्या दारात हिमस्खलनाची भीती फारशी नाही. भीती काठावर आहे: अफरवटचे उतार, खिलनमर्ग, हापतखुड. ही नावं पहिल्याच दिवशी पाठ करा. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे जवान प्रशिक्षण घेत असताना बर्फाखाली गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर तसाच दगावला, आणि त्याच वेळी खाली गुलमर्गमध्ये 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा चालू होत्या. खालची जत्रा आणि वरचा धोका यांत अंतर एवढंच असतं.

हंगामाचा कणा म्हणजे चिल्लई कलां, २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. पण बर्फ काही कॅलेंडर बघून पडत नाही. तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबर येतो. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि मग फेब्रुवारीत दणक्यात पडला. २०२५ मध्ये तर बर्फच नाही म्हणून 'खेलो इंडिया'ची फेब्रुवारीची फेरी मार्चवर ढकलावी लागली. तेव्हा पगाराचं बोलताना 'बर्फ उशिरा आला तर काय?' हे आधी विचारा. बिनबर्फाच्या महिन्यात अर्धा स्टाफ घरी पाठवणारे मालक असतात.

२. निघण्याआधी

कागदपत्रं:
- आधार आणि दुसरं एखादं ओळखपत्र, प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स. तपासणी नाके आहेत, तिथे मोबाइलमधला फोटो नेहमी चालेलच असं नाही.
- नेमणुकीचं पत्र. त्यात राहणं-जेवण कुणाकडे, रस्ता बंद असलेल्या दिवसांचा पगार मिळणार का, हंगाम कधी संपणार, हे लिहून घ्या.
- पोलीस पडताळणीसाठी पासपोर्ट साइझ फोटो.
- अपघात विमा. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसी स्कीइंगला धरत नाहीत.
- नेहमीची औषधं आणि चिठ्ठी. रस्ता बंद झाला तर तंगमर्गचं औषधांचं दुकानही लांबच.

आता सगळ्यात मोठा सापळा: सिम कार्ड. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या. माझ्याबरोबर आलेला एक मुलगा आठवडाभर आईशी माझ्या फोनवरून बोलत होता, आणि तेही मी शेजारी उभा असताना.

३. सामान

बुटांवर पैसे घाला, बाकी जमेल तसं. तळ जाड आणि खोल खाचांचा हवा, घोट्याच्या वर येणारा आणि आत पाणी न जाऊ देणारा. ट्रेकिंगचा बूट दगडावर पकडतो, दबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर नाही. बुटांवर चढवायचे रबरी काटे मिळतात, ते घ्याच. पर्यटकांना तंगमर्गला गमबूट आणि लाँग कोट भाड्याने मिळतात. स्टाफने रोज ते घालून काम केलं तर पायांची वाट लागते.

अंगाला लागून सुती बनियन नको. घाम आला की ते ओलं राहतं, आणि तुम्ही बर्फ उपसून आत येता तेव्हा हुडहुडी भरते. आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. हातमोजे दोन जोड: फावडं धरायला एक आणि एक कोरडा. काळा चष्मा विसरू नका. ढगाळ दिवशीही बर्फावरून परतणारा उजेड डोळे जाळतो, संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात. शिवाय हेडटॉर्च आणि पॉवर बँक. बँक रात्री पांघरुणात घेऊन झोपा, थंडीत ती उतरते.

फेरन, म्हणजे काश्मिरी सैल लांब झगा, तिथेच घ्या. कामात अडतो, पण रात्री त्याच्यासारखं काही नाही.

४. पोहोचणं

जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय. पूर्वी जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने बंद झाला आणि विमानंही रद्द झाली की माणूस लटकायचा, आता हा तिसरा पर्याय आहे. तरी रुजू व्हायच्या तारखेच्या दोन दिवस आधी श्रीनगर गाठा.

तंगमर्गच्या वरचा घाट हा खरा नाका. बर्फ पडला की टायरला साखळी लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच वर सोडतात. आपल्या ग्रुपची मोठी बस खालीच थांबते आणि चाळीस माणसांचं सामान सुमोत चढवायचं काम तुमचं. ड्रायव्हर "चेन की ज़रूरत नहीं" म्हणाला तर बसू नका. चढताना गाडी थांबली तर थांबली, खरी परीक्षा उतरताना असते.

५. पहिले चार दिवस: काय कुठे आहे ते बघा

मालक किंवा मॅनेजर हे दाखवणार नाही, स्वतः विचारून घ्या. जनरेटर कुठे आणि डिझेल किती दिवसांचं? पाण्याचा नळ कुठून येतो आणि कुठे गोठतो? रात्री एक नळ बारीक धारेवर सोडून ठेवायचा असेल तर कुठला? फावडी किती? आग विझवायचं सिलिंडर बर्फाखाली तर गेलं नाही ना?

मग छपरं बघा. उतरत्या पत्र्याचं छप्पर तापलं किंवा ऊन आलं की वरचा अख्खा थर एकदम घसरतो. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो असतो, पण दबलेला, ओलावलेला तीनशे किलोच्याही वर जातो. माझ्यापासून हातभर अंतरावर असा थर पडला होता. सिगारेट ओढायला छपराखाली उभा होतो, फोन आला म्हणून दोन पावलं सरकलो. त्यानंतर मी पळवाटेला, कचरा टाकायच्या जागेला, सगळीकडे लाल फडकी बांधून टाकली. पाहुणे फोटोसाठी नेमके तिथेच उभे राहतात, कारण तिथेच बर्फकांड्या छान लोंबत असतात.

आणि कांगडी-बुखारी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी आणि खोली तापवायची लोखंडी चूल. स्टाफच्या खोल्या लहान, फटी बुजवलेल्या, आणि आत कोळसा धुमसतोय. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काश्मीरमध्ये दर हिवाळ्यात झोपेतच गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या येतात. झोपायच्या आधी कांगडी खोलीबाहेर, खिडकीला बोटभर फट, मग कितीही गारठा लागो. डोकं जड झालं, मळमळलं तर 'उंचीमुळे असेल' म्हणत पडून राहू नका, आधी बाहेर या. गुलमर्गमध्ये मला हिमस्खलनापेक्षा या एका गोष्टीची भीती जास्त वाटायची.

६. हिमस्खलन म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे दरड कोसळते तसंच हे, असं मला वाटायचं. म्हणजे आवाज झाला, वर बघितलं, पळालो. प्रत्यक्षात ज्यात माणसं सापडतात त्यातली बहुतेक हिमस्खलनं त्या माणसांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेली असतात. बर्फ थराथराने साचतो. एखादा थर कच्चा राहिला, साखरेसारखा सुट्टा, की त्याच्यावरचा जड थर नुसता टेकलेला असतो. स्कीवाला त्यावर आला की काचेसारखी भेग जाते आणि वरची अख्खी लादी सुटते. तो लादीच्या मधोमध असतो, म्हणून पळायला जागा नसते.

हे मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा सुटत नाही, आणि फार खड्या कड्यावर तो साचतच नाही. म्हणजे स्कीइंगला जो उतार सगळ्यात मजेदार, तोच सगळ्यात वाईट.

कच्चा थर कधी तयार होतो? थोडासा बर्फ पडून मग आठवडेच्या आठवडे कोरडी, निरभ्र थंडी राहिली की. खालची जमीन उबदार, वरची हवा गार, मधला बर्फ आतून पोकळ दाण्यांचा होत जातो. म्हणून कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत पहिला मोठा बर्फ पडला की सगळे आनंदाने नाचतात, तेव्हा तुम्ही सावध राहा. बर्फ थांबल्यावरचे एक-दोन दिवस विशेष वाईट: निळं आभाळ, झकास ऊन, आणि वर वाऱ्याने ढकलून आणलेल्या बर्फाच्या ताज्या लाद्या.

इशारे दोन ठिकाणी बघा. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था जिल्हावार आणि उंचीवार इशारा देते, गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. दुसरं म्हणजे गुलमर्गची स्की पेट्रोल, उतारांवर गस्त घालणारं पथक. फेज टूवरचा उतार उघडायचा की नाही यात त्यांचा शब्द चालतो. ते उतार तपासतात, गरज पडली तर बर्फ मुद्दाम पाडून घेतात. पण त्यांची नजर गोंडोलाखालच्या मुख्य भागावर. या भागाची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडे गेलात की तुम्ही आणि डोंगर.

हिमस्खलनाच्या धोक्याची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी पाच पायऱ्यांची आहे, आणि तिसरी पायरी ऐकून लोक 'म्हणजे मधलंच की' असं म्हणतात. जगभरात बरेचसे मृत्यू याच तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात, कारण चौथीला माणूस घाबरून घरी बसतो.

७. बर्फ थांबत नाही तो दिवस

सकाळी सहाला उठा. आधी मुख्य दार आणि मागचं दार मोकळं करा. रात्रभरात दार उघडणार नाही इतका बर्फ साचतो, म्हणून एक फावडं कायम आत ठेवायचं. मग धुराडी आणि जनरेटरचा धूर जायची वाट. ती बुजली तर धूर आत येतो.

त्यानंतर फोन: तंगमर्गचा ड्रायव्हर, गोंडोला, श्रीनगरचा माणूस. तिघांची उत्तरं वहीत वेळेसकट लिहा. दुपारी पाहुणे "सकाळी तर तुम्ही सांगितलं होतं..." म्हणतात तेव्हा वही कामाला येते.

किचनमध्ये किमान चार दिवसांचा शिधा वेगळा ठेवायला लावा. आमच्याकडे एकदा तिसऱ्या दिवशी भाजी संपली. बटाटा, राजमा, भात, अंडी एवढ्यावर महाराष्ट्रातल्या बावीस ज्येष्ठ नागरिकांना दोन दिवस काढायला लावले. एका काकूंनी पर्समधून मेतकुटाची पुडी काढली आणि त्या संध्याकाळी त्या आमच्या मॅनेजरपेक्षा मोठ्या झाल्या.

स्टाफची मोजणी सकाळ-संध्याकाळ करा. कोण तंगमर्गला गेलाय, कोण वर गेलाय, किती वाजता येणार. हे पहिल्या हंगामात मी केलं नाही. एक वेटर संध्याकाळी सापडेना, आम्ही दोन तास टॉर्च घेऊन शोधलं, तो शेजारच्या हॉटेलात पत्ते खेळत होता. त्याच्यावर चिडलो खरा, पण चूक माझी होती.

८. 'नाही' म्हणायचं काम

हंगामातली निम्मी मेहनत इथे जाते. "आम्ही फेज टूचे पैसे भरलेत, आणि समोर ऊन पडलंय, मग बंद का?" वारा हे अर्धं उत्तर. जून २०१७ मध्ये जोरदार वाऱ्यात झाड उन्मळून गोंडोलाच्या तारेवर पडलं आणि सात जण गेले. खाली झुळूक नसते तेव्हाही अफरवटवर केबिन हलवणारा वारा असू शकतो.

माझी पद्धत अशी झाली: वाईट बातमी चहाच्या आधी नाही, चहाबरोबर द्यायची. 'बघतो', 'प्रयत्न करतो' असले शब्द नाहीत, कारण त्यांचा अर्थ लोक 'होईल' असा घेतात. "आज फेज टू बंद आहे. उघडलं तर मी स्वतः येऊन सांगेन," एवढंच. तिकिटं ऑनलाइन निघतात, तेव्हा परताव्याचे नियम बुकिंगच्या वेळीच वाचून ग्रुपला सांगा. आणि बंदच्या दिवसाचा बेत आधीच तयार ठेवा: बशीतच स्लेज, चर्चपर्यंत चालणं, संध्याकाळी कहवा.

सापळा इथे असतो: कुणीतरी कानात येऊन सांगतं, "साहब, मैं खिलनमर्ग ले जाता हूँ, कुछ नहीं होता." बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, म्हणून तर तो इतक्या खात्रीने सांगतो. इशाऱ्याच्या दिवशी तुमच्या ग्रुपमधलं कुणी तिकडे गेलं तर जबाबदारी तुमची, त्याची नाही. मोठे साहेब असोत की कंपनीच्या मालकाचे मेहुणे, नाही म्हणजे नाही.

फेज टू उघडं असलं तरी एक बघा. गोंडोला अर्ध्या तासाच्या आत माणसाला तेराशे मीटर वर नेते. हृदयविकार, दमा असलेल्या काका-काकूंना कोंगदूरीलाच थांबवा.

९. स्वतःला स्की करायचं असेल तर

करा, एवढं जवळ राहून न करणं पाप आहे. पण आधी शिका. तिथेच केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची आयआयएसएम ही संस्था आहे, तिचे कोर्स होतात. पहिला हंगाम खालच्या उतारांवर काढा.

दोरीपलीकडे जायचंच तर प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि पकडतो. फोन त्याला चिकटून ठेवला तर गोंधळतो, म्हणून फोन दुसऱ्या खिशात. भाड्याने घेताना बॅटरी तपासा आणि मैदानात एकमेकांचे ट्रान्सीव्हर पुरून शोधायचा सराव करा. नुसता गळ्यात घातलेला ट्रान्सीव्हर म्हणजे ताईत. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा स्कीपासून भेग पळाली, तर तिथूनच मागे फिरा. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर डोळा ठेवून.

१०. कुणी सापडलंच तर

गाडलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची आशा चांगली, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणून खरी सुटका सोबतचेच करतात. खालून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत धरा. वरून आणखी काही सुटेल का ते बघा. एकाने ११२ ला आणि स्की पेट्रोलला कळवायचं, बाकीच्यांनी ट्रान्सीव्हर 'शोध'वर टाकून कामाला लागायचं. प्रोब लागला की तो तिथेच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने खणा. आधी तोंड-नाक मोकळं करा, मग छाती.

तुम्ही हॉटेलात असाल आणि बातमी आली, तर वर धावू नका. बिनसरावाची माणसं उतारावर गेली तर शोधायला आणखी माणसं लागतात. तुमचं काम खाली: पाहुण्यांची आणि स्टाफची मोजणी, गरम पाणी, ब्लँकेट, रुग्णवाहिकेसाठी दारातला रस्ता मोकळा, आणि नावं खात्रीशीर कळेपर्यंत कुणाच्याही घरी फोन नाही. २०२४ च्या त्या फेब्रुवारीत मी तिथे नव्हतो, नाशिकला होतो. दुपारभर जुन्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, "अपना कौन-कौन ऊपर है?" ज्या हॉटेलात सकाळची यादी तयार होती, त्यांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं.